चढावर दमते, उतारावर पळते: इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉलीबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालात चालत गोल्फ खेळणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेक पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतात: बॅग वाहून नेणारी, बॅटरीवर चालणारी ढकलगाडी. आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकेतले वाचक हिला पुशकार्ट म्हणतात, इंग्लंडमधले ट्रॉली. ऑस्ट्रेलियात हीच बग्गी, आणि आपल्याकडे बग्गी म्हटलं की माणूस बसायला जागा शोधतो. खाली सगळीकडे ‘ट्रॉली’ हाच शब्द वापरलाय. बग्गी म्हणजे बसून जायची.

प्रश्न: माझे मेहुणे दिवाळीत न्यू जर्सीहून पुण्याला येताहेत. त्यांची दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक ट्रॉली ते मला देऊ म्हणतात. लिथियम बॅटरीवर १२.८ व्होल्ट, १८ एएच असं छापलंय. विमानातून आणता येईल का? इथे आल्यावर काय बघायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ट्रॉली येईल, बॅटरी येणार नाही. व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर) यांचा गुणाकार केला की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, निघते. तुमची बॅटरी १२.८ × १८ म्हणजे साधारण २३० वॉट-अवरची आहे. प्रवाशाला सुटी लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या सामानात नेता येते आणि १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीच्या आगाऊ परवानगीने. १६० च्या वर ती ना केबिनमध्ये चालते, ना खाली जाणाऱ्या बॅगेत. मेहुण्यांना सांगा की बॅटरी तिथेच ठेवा, आणि निघण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी-उंची आणि कनेक्टरचा जवळून फोटो पाठवा. पुढचं सगळं त्या फोटोंवर अवलंबून आहे.

पुण्यात लिथियम पॅक बांधून देणारे आहेत, सोलर दिवे आणि ई-बाइकची कामं करणारे. त्यांना नुसतं ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एका रांगेत, १८ एएच, आणि सलग ३० अँपिअर सोसणारा बीएमएस, असं सांगा. बीएमएस म्हणजे पॅकमधलं राखणदार सर्किट. ३० चा आग्रह अशासाठी, की समजा दोनशे वॉटच्या दोन मोटरी असल्या, तर चढावर त्या एकदम जोर लावतात तेव्हा ४०० भागिले १२.८, म्हणजे तीसेक अँपिअर ओढले जातात. स्वस्तात बांधलेल्या पॅकला १५ अँपिअरचा बीएमएस असतो. तो सपाटीवर निमूट चालतो आणि पहिल्याच चढावर मान टाकतो.

चार्जर हा दुसरा सापळा. त्याच्या पाठीवर ‘इनपुट १००–२४०’ लिहिलं असेल तर नुसती पिन बदलायची. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो एकदाच लागेल. नवा घेतलात तर त्याचा आउटपुट १४.६ व्होल्टच हवा. चार सेलच्या दुसऱ्या जातीच्या लिथियम पॅकचा चार्जर १६.८ व्होल्टचा असतो आणि दिसायला हुबेहूब तसाच. शिसं-आम्लाच्या बॅटरीचा चार्जरही चालत नाही, कारण त्यातले काही ‘बॅटरी ताजी करायला’ मधूनच वरच्या व्होल्टचे झटके देतात.

आणि हे सगळं करण्याआधी क्लबच्या ऑफिसात दोन गोष्टी विचारा: खासगी इलेक्ट्रिक ट्रॉलीला परवानगी आहे का, आणि कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारा सोबती, घ्यावाच लागतो का. आपल्याकडच्या अनेक क्लबांत कॅडी सक्तीचा आहे. मग तुमची ट्रॉली कॅडीच चालवणार आणि त्याची फी काही सुटणार नाही. मैदानही बघा. येरवड्याचं पूना क्लबचं मैदान बरंचसं सपाट आहे, तिथे साधी हाताने ढकलायची ट्रॉलीही पुरते. लवळ्याच्या टेकडीवरच्या ऑक्सफर्डवर चालत खेळायची हौस असेल तर मोटरीचा खर्च वसूल होईल.

प्रश्न: माझी ट्रॉली तीन वर्षांची आहे, बॅटरी १२ व्होल्टची लिथियम. तेरा होल विनातक्रार चालते. चौदाव्याच्या चढावर अर्ध्यात स्क्रीनसकट बंद पडते. दोन मिनिटांनी बटण दाबलं की पुन्हा सुरू. घरी मीटरने बॅटरी मोजली तर १३.१ व्होल्ट, म्हणजे ठीकच. दुकानदार मोटर बदला म्हणतो.
— एक वाचक, एडिसन

उत्तर: मोटरवर पैसे घालू नका, निदान आत्ताच नको. तुमच्या पत्रातला मोलाचा शब्द ‘स्क्रीनसकट’ हा आहे. मोटर किंवा कंट्रोलर तापून थांबला असता तर स्क्रीन चालू राहिला असता आणि बहुधा एखादा एरर कोड दिसला असता. स्क्रीनच काळा होतो याचा अर्थ वीजच तुटते: एकतर बॅटरीच्या आतला बीएमएस पुरवठा तोडतो, नाहीतर बाहेरचा जोड सैल आहे.

१३.१ वर विसंबू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटचा स्वभाव असा, की ८० टक्के भरलेली असो वा ३० टक्के, निवांत असताना व्होल्टमध्ये जेमतेम दोन-तीन दशांशांचा फरक पडतो. ओझ्याखाली मोजल्याशिवाय या बॅटरीचं खरं दुखणं कळत नाही.

मोजायची रीत अशी. मैदानावरून आल्या आल्या, चार्ज करण्याआधी, बॅग चढवलेली ट्रॉली घराच्या उतरत्या ड्राइव्हवेवर घ्या. मीटरच्या सळ्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत धातूला टेकवा. दोन्ही सळ्या एकमेकींना लागू देऊ नका. दुसऱ्या कोणाला तरी ट्रॉली चढावर चालवायला सांगा. आकडा १३.१ वरून साडेबारापर्यंत उतरला तर बॅटरी धडधाकट आहे. बाराच्या खाली घसरून ट्रॉली बंद पडली तर चारांपैकी एक सेल कच्चा झालाय. तीन सेल ३.१ वर असतात आणि चौथा झपकन २.५ वर येतो. एकूण बेरीज ११.८ दिसते, म्हणजे फार वाईट वाटत नाही, पण बीएमएस बेरीज बघत नाही, तो प्रत्येक सेल बघतो आणि त्या एकासाठी सगळं बंद करतो. ओझं गेलं की तो सेल पुन्हा वर येतो. दोन मिनिटांच्या विश्रांतीने ट्रॉली ‘बरी’ होते ती यामुळे.

पण बॅटरी टाकून देण्याआधी कनेक्टर तपासा, कारण लक्षणं तीच दिसतात आणि खर्च जवळपास शून्य. त्याच चाचणीत एकदा बॅटरीच्या बाजूला आणि एकदा ट्रॉलीच्या बाजूला मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल तर वीज वाटेत गळतेय. गणित मांडून बघा: गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम धरला आणि चढावर १७ अँपिअर वाहत असले, तर ०.८५ व्होल्ट तिथेच जातो आणि त्या बोटभर जागेत साडेचौदा वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री याच्या आसपासच्या वॉटेजवर चालते. चढ संपल्यावर कनेक्टरला बोट लावून बघा. चटका बसला किंवा प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं दिसलं तर चोर सापडला. नवा कनेक्टर बसवताना लाल-काळी वायर उलटी जोडू नका, कंट्रोलर क्षणात जातो.

एक गैरसमजही दूर करू. चढ बॅटरी ‘खातो’ असं सगळे म्हणतात. बॅग आणि ट्रॉली मिळून २८ किलो धरले आणि अठरा होलांत मिळून शंभर मीटर चढलात, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारं काम साडेसात वॉट-अवरच्या आसपास भरतं. मोटर-गिअरची निम्मी नासाडी धरली तरी पंधरा. दोनशे वॉट-अवरच्या बॅटरीपुढे हे किरकोळ आहे. बॅटरी खरी खातं ते ओलं, मऊ, उंच गवत, आठ-दहा किलोमीटर सलग. चढ बॅटरी रिकामी करत नाही, तिचा कच्चा सेल उघडा पाडतो. म्हणून बॅटरी बदलेपर्यंत चौदाव्यावर वेग कमी करा. वेग कमी म्हणजे बॅटरीतून ओढला जाणारा प्रवाह कमी. चढ तिरका कापा आणि हँडलला तळहाताने थोडा रेटा द्या.

प्रश्न: रिमोटवाली ट्रॉली घेतली. उतारावर ती माझ्यापुढे पळते आणि एकदा चढावर पुढचं चाक उचलून मागे उलटली. वापरण्यात चूक आहे की ट्रॉलीत?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर: चढावर उलटली याचं कारण जवळजवळ नक्की एकच: मागचं छोटं आधाराचं चाक लावलेलं नव्हतं. हँडल हातात असतं तेव्हा तुमचा हात ट्रॉलीला मागे कलू देत नाही. रिमोटवर तो हात नसतो आणि मोटरीचा पीळ पुढचं चाक उचलतो. रिमोट वापरायचा तर ते चाक रोज लावायचं, सपाट मैदानावरसुद्धा. छत्री उघडी ठेवून रिमोटवर चालवणं म्हणजे तर वाऱ्याला आमंत्रण.

उतारावर पळण्याचा प्रश्न ट्रॉलीच्या जातीचा आहे. काही ट्रॉल्यांत उतारावर मोटरच ब्रेक होते, वेग ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवते. काहींत असं काही नसतं. मोटर फक्त पुढे ढकलते आणि उतारावर चाकं मोकळी धावतात. विकत घेताना लोक मोटरीचे वॉट विचारतात. विचारायला हवं ते हे: ‘पूर्ण भरलेल्या बॅगेसकट उतारावर हात सोडला तर वेग वाढतो का?’ दुकानात उत्तर घेऊ नका, पार्किंगच्या रॅम्पवर करून बघा. ब्रेकवाली असली तरी पॉवर बंद केल्यावर किंवा चाकं मोकळी ठेवल्यावर बहुतेक मॉडेलांत तो ब्रेक नसतो, हे लक्षात असू द्या. उतारावर थांबवून फटका मारायला जाताना ट्रॉली उताराला आडवी उभी करा आणि पार्किंग ब्रेक असेल तर लावा.

रिमोट खिशात ठेवून वाकलात की बटण दाबलं जातं, आणि ट्रॉली तळ्याकडे निघाली हे बहुधा जोडीदारालाच आधी दिसतं. फटक्याआधी रिमोट लॉक करा. दहा-पंधरा पावलांपेक्षा जास्त पुढे सोडू नका. मागे-मागे येणारी, ‘फॉलो’ करणारी जात असेल तर ती तुमच्या कमरेच्या रिमोटचा माग काढते. अशा बहुतेक ट्रॉल्यांना वाटेतला बंकर (वाळूचा खड्डा), झाड किंवा पाणी दिसत नाही. तुम्ही बंकरच्या कडेकडेने गेलात तर ती कोपरा कापून सरळ बंकरमध्ये.

प्रश्न: मासिक स्पर्धेत माझा चेंडू झाडाला लागून माझ्याच ट्रॉलीवर आदळला. जोडीदार म्हणाला एक फटक्याचा दंड. दुसऱ्या दिवशी रिमोटवरच्या ट्रॉलीने माझा थांबलेला चेंडू ढकलला, तेव्हा तोच म्हणाला की चुकून झालं, दंड नाही. नक्की काय? ट्रॉलीच्या स्क्रीनवरचा जीपीएस चालतो का?
— एक वाचक, स्लाउ

उत्तर: दोन्ही वेळा उलटं सांगितलं. चालता चेंडू चुकून स्वतःच्या ट्रॉलीला लागला तर २०१९ पासून दंड नाही, चेंडू थांबेल तिथून खेळायचं. त्याआधी एक फटका होता, जोडीदार त्या काळात अडकलाय. अट एवढीच, की चेंडू अडावा म्हणून ट्रॉली मुद्दाम तिथे लावलेली नसावी.

थांबलेल्या चेंडूला ट्रॉलीचा धक्का लागला तर एक फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. ट्रॉली तुमचं साहित्य आहे, तिने केलं ते तुम्ही केलं. चेंडू शोधत असताना चुकून लागला तर दंड माफ, पण चेंडू परत जागेवर ठेवावाच लागतो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दुसऱ्या खेळाडूच्या ट्रॉलीने तुमचा चेंडू हलवला तर कोणालाच दंड नाही. मॅच प्लेमध्ये (समोरासमोर, एकेक होल जिंकायच्या खेळात) मात्र प्रतिस्पर्ध्याच्या ट्रॉलीने हलवला तर त्याला एक फटका.

जीपीएसवर अंतर बघायला मुभा आहे, स्पर्धेच्या स्थानिक नियमाने बंदी केली नसेल तर. चढ-उतार धरून ‘हे १५० यार्ड १६२ सारखे खेळा’ असं सांगणारी सोय बंद ठेवायची. फेरीत ती वापरली तर पहिल्यांदा स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके, पुन्हा वापरली तर बाद. काही ट्रॉल्यांत ती सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानात लपलेली असते, पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधी बघून घ्या.

प्रश्न: ट्रॉली सतत डावीकडे ओढते. आणि हल्ली मोटरचा आवाज येतो पण एक चाक फिरत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दुसऱ्यापासून सुरू करू, कारण ते पाच सेकंदांचं काम असू शकतं. झटपट निघणाऱ्या चाकांच्या धुरीवर सहसा दोन खाचा असतात: आतली मोटरने फिरण्यासाठी, बाहेरची मोकळं फिरण्यासाठी. गाडीच्या डिकीतून काढून जोडताना चाक बाहेरच्या खाचेत अडकलं की मोटर फिरते आणि चाक बघत राहतं. ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत आत ढकला, मग ओढून बघा. अनेक मॉडेलांत डावं-उजवं चाक वेगळं असतं, कारण आतला क्लच एकाच दिशेने पकडतो. चाकाच्या आतल्या बाजूला अक्षर असतं, अदलाबदल झालीय का बघा. दोन्ही ठीक असतील तर धुरीला गुंडाळलेलं गवत आणि दोरे कापून काढा. तरीही घरघर येत असेल तर गिअरचे दात गेले, ते दुकानाचं काम.

ओढण्याची परीक्षा फेअरवेवर, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर, घेऊ नका, फेअरवे कधीच सपाट नसतो. पार्किंगमध्ये फरशीच्या रेघेवर रिकामी ट्रॉली दहा मीटर चालवा. रिकामी सरळ जाते आणि बॅग लावली की ओढते, तर दोष बॅगेच्या कप्प्यांत आहे: एका बाजूला पाण्याच्या दोन बाटल्या, दुसरीकडे हातमोजे. रिकामीही ओढते, तर पुढच्या चाकाच्या धुरीचं एका बाजूचं नट ढिलं करून चाक किंचित वळवा, कसा, पुन्हा चालवा. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

प्रश्न: माझी बॅग पाय असलेली आहे. ट्रॉलीवर ती फिरते आणि पाय मध्येच उघडतात. बिनपायांची कार्ट बॅग घ्यावीच लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. तळ दाबला गेला की पाय उघडतात आणि ट्रॉलीची खालची कड तोच तळ दाबते. दोन्ही पाय बॅगेला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा. खालच्या कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावलात तर फिरणंही थांबेल. जड वस्तू खालच्या कप्प्यात.

प्रश्न: पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ट्रॉली कशी ठेवायची? गेल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये चार्जरला लावून ठेवली होती, वसंतात बॅटरी निम्मीच चालली.
— एक वाचक, एडिसन

उत्तर: गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली की आत लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. तुमच्या न्यू जर्सीकडच्या जानेवारीत गॅरेजमध्ये नेमकं हेच झालं असणार. बॅटरी काढून घरात आणा, निम्म्या-साठ टक्क्यांवर ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी बघा, हंगामाच्या तोंडावर पूर्ण भरा आणि चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही काही तास जोडलेलीच राहू द्या, म्हणजे सेल आपसांत बरोबरीला येतात. शिसं-आम्लाची जुनी दहा किलोची बॅटरी असेल तर उलटं करायचं: ती कायम भरलेलीच ठेवायची.

पावसात ट्रॉली चालते, पाइपचा फवारा मात्र चालत नाही. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. धुण्याच्या नळीचं पाणी जोराने धुरीच्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. कनेक्टर कोरडे झाल्याशिवाय चार्ज लावू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल चाकाला थर लावत जातो, दर दोन-तीन होलांना काठीने खरवडावा लागतो. जुलैत बऱ्याच मैदानांवर ट्रॉली आत सोडतच नाहीत, आणि इंग्लंडमधले क्लब मैदान भिजलं की हिवाळ्यात तेच करतात. तिथे काटेरी रबराची हिवाळी चाकं लावली तर काही क्लब सोडतात. पण ती मागवण्याआधी क्लबला एक फोन करा.